जर्मनीत भूक कोणाच्या वाट्याला आली?

आपला प्रश्न दोन भागांचा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत लाखो लोकांची उपासमार झाली ती केवळ ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीमुळे झाली का, हा पहिला भाग. दुसरे महायुद्ध त्याहून मोठे आणि लांबलेले असूनही जर्मन शहरांवर खऱ्या उपासमारीची वेळ युद्ध संपल्यावर, म्हणजे १९४६-४७ मध्ये का आली, हा दुसरा भाग. मी उमेदीची वर्षे महाराष्ट्राच्या पुरवठा खात्यात धान्यखरेदी, नियतन आणि रास्त भाव दुकानांची तपासणी या कामांत घालवली आणि जर्मन शिधावाटपाचा माझा अभ्यास त्या कामातूनच सुरू झाला. त्यामुळे माझे उत्तर रणांगणापेक्षा गोदाम, बाजारभाव आणि दुकानापुढची रांग यांच्या अंगाने जाईल. दोन्ही भागांचे उत्तर मला एकाच ठिकाणी सापडते: देशात अन्न किती होते याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या अन्नावर कोणाचा हक्क आधी मानला गेला यावरून कोण उपाशी राहणार हे ठरत गेले.

१९१४ पूर्वीचा जर्मनी आपल्या अन्नापैकी ढोबळमानाने चौथा हिस्सा बाहेरून आणत असे. हा आकडा फसवा आहे, कारण खरे परावलंबन ताटात दिसत नव्हते. गुरांसाठी आणि डुकरांसाठी रशियातून जव येत असे, दुधाळ जनावरांसाठी परदेशी पेंड लागत असे, जमिनीसाठी चिलीचे सोराखत येत असे आणि सुगीच्या हंगामात पूर्वेकडच्या मोठ्या जमीनदारीवर पोलिश मजूर राबत असत. ब्रेडची राय (गव्हासारखे एक धान्य) आणि बटाटे मुख्यतः देशातच पिकत होते, पण लोणी, चरबी, दूध आणि मांस ज्या चाऱ्यावर व खतावर उभे होते तो चारा आणि ते खत समुद्रमार्गे किंवा रशियाच्या सरहद्दीवरून येत होते. युद्ध काही महिन्यांत आटोपेल या हिशेबामुळे सरकारने धान्याचा मोठा राखीव साठा केलेला नव्हता. पुरवठ्याच्या भाषेत सांगायचे तर, सर्वांत मोठा ग्राहक असलेले सैन्य बाजारात उतरले त्या दिवशी गोदामे जवळजवळ रिकामीच होती.

ब्रिटनने नोव्हेंबर १९१४ मध्ये उत्तर समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला आणि मार्च १९१५ पासून जर्मनीकडे जाणारा सगळाच माल, अन्नासह, अडवायला सुरुवात केली. हॉलंड, डेन्मार्क यांसारख्या तटस्थ देशांतून होणारी आयात काही काळ चालू राहिली, पण त्या देशांवरही दबाव वाढत गेला. नाकेबंदीचा पहिला फटका ब्रेडला बसण्याआधी खताला बसला. हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याची हाबर-बॉश पद्धत १९१३ मध्येच ओपाऊच्या कारखान्यात सुरू झाली होती, पण युद्धकाळात हा नत्र आधी स्फोटकांकडे गेला आणि उरला तर शेताकडे आला. शेतातली धडधाकट माणसे आणि घोडे सैन्यात गेले होते. जमिनीला शेणखत देणारी जनावरे चाऱ्याअभावी कमी होत गेली. त्यामुळे नाकेबंदीचा परिणाम दरवर्षी साठत गेला आणि १९१७ च्या सुगीपर्यंत धान्याचे उत्पन्न युद्धापूर्वीच्या मानाने फारच खाली आले. नाकेबंदी झाली नसती तर हा प्रसंग या थराला गेला नसता, हे मी निःसंदिग्धपणे मान्य करतो. नागरिकांचे अन्न तोडणे हा त्या धोरणाचा उघड हेतू होता.

मात्र नाकेबंदीने निर्माण केलेल्या तुटीचे उपासमारीत रूपांतर कसे झाले, हे पाहायचे तर सरकारी दरपत्रके पाहावी लागतात. १९१४ च्या शरद ऋतूत सरकारने धान्याचे आणि पाठोपाठ बटाट्यांचे कमाल दर ठरवले, पण मांसाच्या दराला तसे कुंपण घातले नाही. शेतकऱ्याने साधा हिशेब केला: राय आणि बटाटे सरकारी दराने विकण्यापेक्षा तेच डुकराला घालून डुक्कर विकले तर पैसे अधिक मिळतात. ज्यांनी आपल्याकडे लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी धान्यवसुलीच्या, काळात ज्वारीची खरेदी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. एका मालाचा दर बांधला आणि शेजारच्या मालाचा मोकळा ठेवला की माल आपोआप मोकळ्या दराकडे सरकतो, आणि त्यासाठी शेतकऱ्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नसतो.

बटाटे बाजारातून दिसेनासे झाले तेव्हा बर्लिनच्या अधिकाऱ्यांनी दरांची फेरमांडणी केली नाही. त्यांनी डुकरांना गुन्हेगार ठरवले. पॉल एल्ट्झबाखर या कायद्याच्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने तज्ज्ञांच्या एका गटाने डिसेंबर १९१४ मध्ये अहवाल मांडला होता. माणसाने थेट खावे असे अन्न जनावर खाते आणि त्यातला बराचसा भाग वाया जातो, तेव्हा जनावरांची संख्या कमी करावी, असे त्याचे म्हणणे होते. कागदावर हा हिशेब चुकीचा नव्हता. त्यानंतर १९१५ च्या वसंतात सुमारे ९० लाख डुकरे मारली गेली. युद्धापूर्वी देशात अडीच कोटींच्या आसपास डुकरे होती हे लक्षात घेतले तर या कत्तलीचे प्रमाण कळते. काही आठवडे बाजारात मांसाचा पूर आला, ते घाईघाईने डबाबंद केले गेले आणि त्यातले बरेच निकृष्ट निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस डुकराचे मांस आणि चरबी दोन्ही दुर्मीळ झाली. जर्मन कामगाराच्या आहारातला स्निग्ध पदार्थ मुख्यतः डुकराच्या चरबीतून येत असे. तेलबिया देशात फारशा पिकत नव्हत्या आणि बाहेरून येणे बंद झाले होते. शिवाय जे बटाटे वाचतील अशी अपेक्षा होती, ते गावातून शहरात आणायला पुरेशी रेल्वे वाघिणी नव्हती आणि साठवायची सोयही नव्हती. कॅलरींचा हिशेब करणाऱ्यांनी खत, चरबी आणि वाहतूक यांचा हिशेब केलाच नव्हता. पुढे दुधाचा दर बांधला गेला तेव्हा दूध लोण्याकडे आणि चीजकडे वळले, आणि लोण्याचा दर बांधला तेव्हा गाय खाटकाकडे गेली. प्रत्येक नवा आदेश आधीच्या आदेशाने पाडलेले भोक बुजवण्यासाठी निघत होता.

शहरात याच काळात शिधापत्रिका आल्या. १९१४ च्या शरदातच पिठात बटाटा मिसळलेला युद्धब्रेड सुरू झाला होता. बर्लिनमध्ये १९१५ च्या आरंभी ब्रेडकार्ड लागू झाले आणि त्याच वर्षी ही पद्धत देशभर पोचली. बर्लिनचे पहिले प्रमाण माणशी आठवड्याला २ किलो होते. कार्डावर वजनाचे छोटे चौकोन छापलेले असत आणि दुकानदार ब्रेड देताना तेवढे चौकोन कापून घेत असे. तपासनीस म्हणून मला ही रचना चांगली वाटते, कारण कापलेले चौकोन आणि गोदामातून झालेली पिठाची उचल यांचा मेळ घालता येतो. पण कार्ड म्हणजे माल नव्हे. ऑक्टोबर १९१५ मध्ये बर्लिनच्या लिख्टेनबर्ग भागात लोण्याच्या दुकानांपुढे स्त्रियांचे दंगे झाले, कारण लोणी एकतर नव्हते किंवा कामगाराच्या मजुरीत बसत नव्हते. त्या दंग्यांनंतर पोलिसांच्या अहवालांत रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांच्या बोलण्याला जे महत्त्व मिळाले ते युद्ध संपेपर्यंत कमी झाले नाही.

कोलोनमध्ये अन्नपुरवठ्याची जबाबदारी तेव्हा उपमहापौर कोनराड आडेनाऊर यांच्याकडे होती. हेच पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले. त्यांनी १९१५ मध्ये मका, जव आणि तांदूळ यांच्या पिठाचा एक ब्रेड तयार करवून त्याचे पेटंट घेतले, आणि नंतर सोयाबीनचे पीठ घातलेल्या सॉसेजचेही. एका शहराचा कारभारी पेटंट घेण्यापर्यंत जातो यावरून परिस्थिती किती हातघाईवर आली होती हे कळते. पर्यायी पदार्थांची लाटच आली होती. नुसत्या सॉसेजचे आठशेहून अधिक पर्याय मंजूर झाले होते, आणि त्यांतले बरेचसे पाणी, मीठ आणि रंग यांपलीकडे फारसे काही नव्हते.

१९१६ मध्ये निसर्गही उलटला. उन्हाळा थंड आणि ओला गेला आणि बटाट्यावर करपा पसरला. या रोगावरचा उपाय तेव्हाही माहीत होता. मोरचूद आणि चुन्याची ती फवारणी आपल्या नाशिककडचे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण म्हणून आजही वापरतात. पण मोरचुदाला तांबे लागते आणि तांबे तोफगोळ्यांकडे जात होते. त्या वर्षीचे बटाट्याचे पीक आदल्या वर्षीच्या जवळजवळ निम्म्यावर आले. बटाटा हा गरिबाच्या पोटाचा शेवटचा आधार होता. तो गेल्यावर १९१६-१७ च्या हिवाळ्यात शहरांना बटाट्याऐवजी सलगमच्या जातीचा एक कंद वाटला गेला, जो एरवी गुरांना घालत असत. त्याचे सूप, त्याचीच भाजी, त्याचाच मुरांबा, त्याचेच पीठ ब्रेडमध्ये, आणि तोच वाळवून भाजून कॉफीच्या जागी. या कंदात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे पोट भरल्यासारखे वाटते पण अंगात ताकद राहत नाही. काही शहरांत कार्डावर मिळणारा शिधा दिवसाला सुमारे १,००० कॅलरींपर्यंत घसरला. त्याच हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली आणि कोळसा नव्हता. जर्मन लोक या हिवाळ्याला आजही त्या कंदाच्या नावाने ओळखतात.

या हिवाळ्यात सगळा देश सारखा उपाशी नव्हता, हे मी मुद्दाम ठासून सांगतो. शेतकरी कुटुंब कार्डाच्या बाहेर होते. त्याला स्वतःच्या वापरापुरते धान्य ठेवण्याची कायद्याने मुभा होती आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक त्याच्या घरात राहत असे. शहरातले ज्यांच्याजवळ चांदीची भांडी, गालिचे, कापड होते ते रविवारी आगगाडीने खेड्यात जाऊन त्या बदल्यात बटाटे आणि अंडी आणत. दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगाराला जड कामाचा वाढीव शिधा मिळे आणि कारखाना स्वतःच काळ्या बाजारातून खरेदी करून त्याला जेवण देई. डिसेंबर १९१७ मध्ये, बर्लिनलगतच्या आणि तेव्हा स्वतंत्र नगरपालिका असलेल्या नॉयकोलनने केलेले एक गोपनीय टिपण समाजवादी वृत्तपत्रात फुटले. मोठमोठे कारखाने आणि खुद्द नगरपालिका कमाल दर धाब्यावर बसवून, एकमेकांवर चढाओढ करत धान्य कसे मिळवतात, याचा तपशील त्यात होता. नियम पाळणाऱ्या पालिकेची जनता उपाशी राहते आणि नियम मोडणारीची जेवते, असा त्या टिपणाचा अर्थ होता. पुरवठा व्यवस्थेबद्दल इतके प्रामाणिक सरकारी लिखाण माझ्या वाचनात फार थोडे आले आहे.

मग राहिले कोण? ज्यांच्याकडे देण्यासारखे काही नव्हते आणि ज्यांच्या श्रमाची युद्धाला गरज नव्हती ते: म्हातारी माणसे, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणारे, सैनिकांच्या बायका-मुले, कैदी आणि मनोरुग्णालयांतले रुग्ण. या शेवटच्या गटाबद्दल फार कमी बोलले जाते. रुग्णालयाच्या भिंतीआड असलेला माणूस खेड्यात जाऊन बटाटे आणू शकत नव्हता, त्याला कार्डावरचाच शिधा, आणि तोही वरच्यावर कमी होत जाणारा, मिळत होता. युद्धाच्या वर्षांत तिथे सुमारे ७० हजार रुग्ण भुकेने आणि भुकेमुळे आलेल्या क्षयासारख्या रोगांनी दगावले असा अंदाज आहे. कोणी त्यांना मारण्याचा आदेश दिला नव्हता. शिध्याच्या क्रमवारीत ते तळाशी होते, एवढेच त्यासाठी पुरले.

मे १९१६ मध्ये सरकारने युद्धकालीन अन्नखाते काढले आणि अडोल्फ फॉन बाटोकी यांना त्याचे प्रमुख नेमले. लोकांनी त्यांच्याकडून अन्नाच्या हुकूमशहाची अपेक्षा केली होती, पण सैन्याच्या खरेदीवर आणि घटक राज्यांवर त्यांचा अधिकार नावापुरताच चालत होता. एप्रिल १९१७ मध्ये पिठाचे दैनिक प्रमाण २०० ग्रॅमवरून १७० ग्रॅमवर आणताच बर्लिन आणि लाइपझिगमध्ये प्रचंड संप झाले. तीस ग्रॅम पीठ म्हणजे एखादा लहान घास. पण कार्डावरचा घास हा सरकारने दिलेला शब्द असतो, आणि तो मोडल्यावर लोक सरकारच्या बाकीच्या शब्दांचाही हिशेब मागू लागतात. फेब्रुवारी १९१८ मध्ये युक्रेनशी तह झाला तेव्हा त्याला लोकांनी ब्रेडचा तह म्हटले, कारण त्यात दहा लाख टन धान्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात त्यातला लहानसा भागच आला, कारण संगिनीच्या धाकाने गावागावांतून धान्य गोळा करायला जेवढे सैन्य लागत होते ते सैन्य स्वतःच खात होते. युक्रेनचे हे प्रकरण लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येतो.

युद्धाच्या अखेरीस जर्मन आरोग्य खात्याने नाकेबंदीमुळे ७ लाख ६३ हजार नागरिक मेल्याचा आकडा जाहीर केला. १९२८ च्या एका अभ्यासाने तो ४ लाख २४ हजारांपर्यंत खाली आणला. दोन्ही आकडे जादा मृत्यूंच्या अंदाजावर उभे आहेत आणि भूक, थंडी व क्षय यांच्यात रेषा ओढणे अवघड असते, म्हणून मी यांपैकी कोणताही आकडा एकट्याने वापरत नाही. पहिला आकडा तहाच्या वाटाघाटींसाठी तयार झाला होता, हे मात्र विसरू नये. नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदीनंतरही नाकेबंदी उठली नाही. जर्मनीने व्यापारी जहाजे आणि सोने देण्याचे मान्य केल्यावर मार्च १९१९ च्या अखेरीस अन्नाची पहिली जहाजे आली, आणि नाकेबंदी पूर्णपणे उठली ती जुलै १९१९ मध्ये. युद्ध संपल्यानंतरच्या या महिन्यांचे समर्थन मला करता येत नाही. १९२० पासून क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकन संस्थेने शाळाशाळांत मुलांना जेवण देणे सुरू केले आणि १९२१ मध्ये रोज जवळजवळ दहा लाख मुले तिथे जेवत होती; कामगारवस्तीतील मुलांची खुंटलेली उंची आणि घटलेले वजन त्यानंतर सावरत गेले, असे त्या काळच्या शाळांतील मोजमापांवरून दिसते.

१९२३ मध्ये नाकेबंदी नव्हती, दुष्काळ नव्हता, पीक चांगले होते, आणि तरीही शहरे उपाशी होती. नोव्हेंबरमध्ये बर्लिनमध्ये एका ब्रेडला सुमारे २०० अब्ज मार्क पडत होते आणि शेतकरी असल्या नोटांच्या बदल्यात धान्य सोडायला तयार नव्हता. रेंटेनमार्क हे नवे चलन आल्यावर तेच धान्य बाजारात आले. चित्रकार केटे कोलवित्झ यांनी हात वर करून रिकामे वाडगे पुढे धरलेल्या मुलांचे जे भित्तिपत्रक केले, ते याच काळातले आहे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. नाझी राजवटीतील जवळजवळ प्रत्येक वरिष्ठ माणूस त्या सलगमच्या हिवाळ्यातून गेलेला होता, आणि घरच्या उपासमारीने आघाडी मोडली, क्रांती झाली, असा त्यांचा ठाम समज होता. त्यामुळे जर्मन माणसाच्या शिध्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे त्यांनी युद्धाचे पहिले पथ्य मानले. सप्टेंबर १९३३ मध्येच कृषिमंत्री रिखार्ड डारे यांच्या हाताखाली शेतकरी, गिरण्या, दूधसंघ आणि व्यापारी यांना एका अन्नसंघटनेत कोंबून सगळे दर वरून ठरवले जाऊ लागले. या वेळी मांस मोकळे आणि धान्य बांधलेले अशी गफलत नव्हती. तरीही स्निग्ध पदार्थ आणि चारा यांची तूट राहिलीच. १९३९ मध्येही देश आपल्या गरजेच्या सुमारे ८३ टक्केच अन्न पिकवत होता. ऑगस्ट १९३९ च्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे पोलंडवर हल्ला होण्याच्या आधीच, शिधापत्रिका घरोघर पोचलेल्या होत्या. निव्वळ कारभार म्हणून पाहिले तर ही तयारी १९१४ च्या कितीतरी पुढे होती.

पण कारभाराने १७ टक्क्यांची तूट भरून निघत नाही. ती कशी भरून काढायची याचे उत्तर अन्नखात्याचे सचिव हर्बर्ट बाके यांनी दिले. २ मे १९४१ रोजी, सोव्हिएत रशियावरील हल्ल्याच्या सात आठवडे आधी, वेगवेगळ्या खात्यांच्या सचिवांची बैठक झाली. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी संपूर्ण सैन्य रशियातूनच पोसले गेले तरच युद्ध पुढे चालवता येईल, आणि आपल्याला हवे ते तिथून काढून घेतले तर कोट्यवधी लोक निश्चितच उपाशी मरतील, अशी नोंद त्या बैठकीच्या टिपणात आहे. १९१८ मध्ये युक्रेनमधून अपेक्षित धान्य आले नाही याचे कारण बाके यांच्या मते असे होते की तिथले लोकच ते खात होते. म्हणून या वेळी उत्तरेकडील धान्यतुटीचे प्रदेश आणि मोठी शहरे यांचा पुरवठा तोडायचा, असे ठरले. मी आयुष्यभर तुटीचे आणि वाढाव्याचे जिल्हे असे तक्ते केले आहेत. तुटीच्या जिल्ह्याकडे धान्य पाठवण्यासाठी ते तक्ते करतात. त्याच पद्धतीचा तक्ता माणसे मारण्यासाठी वापरला गेल्याचे हे टिपण वाचताना मला आजही संताप येतो.

ती योजना ठरल्याप्रमाणे पूर्णपणे अमलात आली नाही, पण जे झाले तेही कल्पनेपलीकडचे आहे. १९४१ मध्ये पकडलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे वीस लाख कैदी १९४२ च्या फेब्रुवारीपर्यंत मेले, त्यांतले बहुतेक भूक, थंडी आणि रोगराईने. लेनिनग्राडच्या वेढ्यात आठ लाखांहून अधिक नागरिक दगावले. वॉर्साच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, १९४१ मध्ये सरकारी शिधा दिवसाला दोनशे कॅलरींपेक्षाही कमी होता. ग्रीसमधून धान्य आणि माल उचलला गेला, वर ब्रिटिश नाकेबंदी होतीच, आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे मरून पडली. एप्रिल १९४२ मध्ये जर्मनीतला साप्ताहिक शिधा कमी करावा लागला: ब्रेड २,२५० ग्रॅमवरून २,००० वर, मांस ४०० वरून ३०० वर, स्निग्ध पदार्थ २६९ वरून २०६ वर. गुप्त पोलिसांच्या अहवालांत लोकांची नाराजी नोंदवली जाताच राजवट हादरली. ऑगस्टमध्ये हिटलरचे निकटचे सहकारी गोरिंग यांनी व्याप्त प्रदेशांच्या प्रशासकांना बोलावून, तुमची माणसे भुकेने कोसळली तरी मला त्याची पर्वा नाही, जर्मन माणूस कोसळता कामा नये, अशा अर्थाचे फर्मान सोडले, आणि शरदात जर्मनीचा शिधा पुन्हा वाढवण्यात आला. १९४४ पर्यंत जर्मन शहरांत उपासमार का नव्हती, या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. भूक नाहीशी झाली नव्हती. ती सरहद्दीपलीकडे ढकलली गेली होती.

आणि ती देशाच्या आतही वाटली गेली होती. ज्यूंच्या शिधापत्रिकांवर वेगळा शिक्का होता, आणि ऑक्टोबर १९४२ पासून त्यांना मांस, अंडी, गव्हाचे पदार्थ आणि साय न काढलेले दूध देणे बंद झाले. पूर्वेकडून पकडून आणलेल्या कामगारांना सर्वांत हलका शिधा मिळत होता. बव्हेरियाच्या गृहखात्याने नोव्हेंबर १९४२ मध्ये, काम न करू शकणाऱ्या मनोरुग्णांना स्निग्धांशरहित, पाण्यासारखा आहार देण्याचा आदेश काढला आणि काउफबॉयरेनसारख्या रुग्णालयांत रुग्ण त्यावर मारले गेले. पहिल्या युद्धात जे दुर्लक्षाने झाले होते, ते आता लेखी आदेशाने होत होते.

१९४५ मध्ये ही लूट थांबली आणि सोबत बाकी सगळेही कोसळले. ओडर आणि नाइसे नद्यांच्या पूर्वेकडील सुमारे चौथा हिस्सा शेतजमीन, तीही धान्य आणि बटाट्याच्या वाढाव्याची, जर्मनीच्या हातून गेली, आणि तिथून व इतर देशांतून हाकललेले एक कोटीहून अधिक लोक उरलेल्या जर्मनीत आले. देश विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यातील चार विभागांत कापला गेला, रेल्वे मोडलेली, खताचे कारखाने बंद, आणि जगभरातच धान्याची टंचाई. ब्रिटिश विभागात मार्च १९४६ मध्ये शिधा सुमारे १,००० कॅलरींवर आला. रुहरची औद्योगिक शहरे पोसण्यासाठी ब्रिटनने बाहेरून धान्य आणले, आणि युद्धात कधी न केलेले ब्रेडचे रेशनिंग ब्रिटनला स्वतःच्या देशात जुलै १९४६ मध्ये लागू करावे लागले. पहिल्या युद्धानंतर नाकेबंदी चालू ठेवणाऱ्याच देशाने दुसऱ्या युद्धानंतर असे केले, याची नोंद जितकी घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही.

१९४६-४७ चा हिवाळा पुन्हा भयंकर थंड होता. ३१ डिसेंबर १९४६ रोजी कोलोनच्या सेंट एंगेलबर्ट चर्चमध्ये कार्डिनल योझेफ फ्रिंग्स यांनी प्रवचनात सांगितले की जगण्यासाठी आणि आरोग्यासाठी जे आवश्यक आहे ते कष्टाने किंवा मागून मिळत नसेल, तर आपत्तीत माणसाने ते घेणे त्याला क्षम्य आहे. त्यांनी सोबत सावधगिरीचे शब्दही उच्चारले होते, पण लोकांनी ऐकायचे ते ऐकले, आणि कोळशाच्या वाघिणींवर चढून कोळसा उतरवून घेण्याला कार्डिनलच्याच नावाचे क्रियापद पडले. वसंतात रुहरमध्ये भूकमोर्चे आणि संप झाले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या पाहणीनंतर १९४७ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन विभागांत तीस लाखांहून अधिक शाळकरी मुलांना रोज गरम जेवण सुरू झाले. जानेवारी १९४८ मध्ये दोन्ही विभागांच्या अर्थप्रशासनाचे प्रमुख योहानेस झेमलर यांनी अमेरिकेने पाठवलेल्या मक्याला कोंबड्यांचे खाद्य म्हटले आणि त्यांचे पद गेले. त्यांच्या जागी लुडविग एरहार्ड आले.

या वर्षांतही गावात अन्न होते आणि शहरात नव्हते. राइशमार्क या जुन्या चलनाला किंमत उरली नव्हती, सिगारेट हेच चलन झाले होते, आणि १९१७ प्रमाणेच रविवारच्या गाड्या गालिचे घेऊन खेड्यांकडे जात आणि पोती घेऊन परतत. २० जून १९४८ रोजी पश्चिमेकडील विभागांत डॉइच मार्क हे नवे चलन आले, एरहार्ड यांनी बऱ्याच वस्तूंचे दर मोकळे केले, आणि एका रात्रीत दुकानांच्या काचा भरल्या. तो चमत्कार म्हणून सांगितला जातो, पण माल आधीपासून साठवलेला होता, आणि ब्रेड, मांस, स्निग्ध पदार्थ यांचे नियंत्रण त्या दिवशी उठलेच नव्हते. ते टप्प्याटप्प्याने, परदेशी मदतीचे धान्य आणि खत येत गेले तसे सैल होत १९५० मध्ये संपले. पूर्व जर्मनीत लोकांनी मांस, स्निग्ध पदार्थ आणि साखर यांचे शेवटचे कूपन कापून दिले ते मे १९५८ मध्ये.